दादाचं नाक आणि बारोलोची बाटली

उंची इटालियन लाल वाइन मी आयुष्यात एकदाच प्यायलो. चिंचवडच्या बाजूला एका कारखान्याच्या गेस्ट हाउसच्या व्हरांड्यात, रविवारी दुपारी, प्रयोगशाळेतून आणलेल्या काचेच्या बीकरमधून. सत्तरच्या दशकातलं मधलं एक वर्ष होतं. तिचा वास आणि चव मी तिथेच बसून न्यूजप्रिंटच्या कपट्यांवर टिपली होती. ते कपटे अजून आहेत. वाइनबद्दल पुढे जे येईल ते त्यांवरून आहे. बाकीचं आठवणीवरून, आणि आठवणीत चूक असू शकते.

मी तेव्हा पुण्यातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. बातमीदारांच्या मजकुरातली विशेषणं काढणं हे माझं मुख्य काम. राहायचो कासारवाडीला, थोरल्या भावाकडे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांत. दादा खमिराच्या कारखान्यात ऑपरेटर होता. उसाच्या मळीवर यीस्ट वाढवायचं आणि ते बेकऱ्यांना पुरवायचं, हा तिथला धंदा. मोठमोठ्या बंद टाक्यांत यीस्ट वाढायचं. त्यात बाहेरचा जंतू शिरला की अख्खी टाकी गटारात सोडावी लागे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडायचा. तोवर उशीर झालेला असे.

त्यामुळे दादाचं नाक महत्त्वाचं होतं. तो टाकीच्या नळीतून चमचाभर नमुना काढायचा, नाकाशी धरायचा आणि सांगायचा. टाकी ठीक असेल तर म्हणायचा, "चाललीय." नसेल तर म्हणायचा, "गेली." एवढंच. रिपोर्ट यायच्या आधी त्याने टाक्या थांबवल्या होत्या आणि रिपोर्टने त्याला खोटं पाडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कारखान्याच्या शॉपमध्ये त्याला नाकच म्हणत. तो दारातून आत आला की कोणीतरी म्हणायचं, "नाक आलं, नाकं पुसा रे." आमच्या भाषेत नाक म्हणजे अब्रूही. दादाच्या बाबतीत ही दोन नाकं वेगळी राहिली नव्हती.

त्या वर्षी कावीळ उलटून वहिनी गेली. वॉर्डाच्या बाहेर येऊन दादाने मला ते सांगितलं तेव्हा त्याने तोच एक शब्द वापरला आणि तो त्याच आवाजात वापरला. तीन नंबरची टाकी गेली की तो असाच सांगायचा. त्यानंतर महिन्याभराने त्याला फ्लू झाला. ताप चार दिवसांत उतरला. सर्दी गेली. वास परत आला नाही.

मला ते कळलं एका सकाळी. स्टोव्हवर दूध करपत होतं आणि दादा त्याच्याजवळ उभा राहून दाढी करत होता. मी स्टोव्ह बंद केला. त्याने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून."

डॉक्टर म्हणाले, नाकातली नस दुखावलीय, येईल किंवा येणार नाही. दादाने कारखान्यात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टाक्यांवरून काढून दुसरीकडे टाकलं असतं, आणि तो म्हणायचा की घरी काही उरलेलं नाही, टाक्या तेवढ्या आहेत. वास नव्हता म्हणून तो नमुना चाखायचा. आंबटपणा जिभेला कळतो. फेसाचा रंग बघायचा, तापमान बघायचा, थोडं थांबायचा आणि म्हणायचा, "चाललीय." असे चार महिने काढले. एकही टाकी गेली नाही. रोज संध्याकाळी तो घरी आला की मी त्याचं तोंड बघायचो आणि तो मान हलवायचा, म्हणजे आजचा दिवस निभावला.

याच सुमारास कारखान्यात यीस्ट वाळवायचं यंत्र आलं, आणि ते बसवायला इटलीहून एक फिटर. पन्नाशीचा, बुटका, हाताला तेलाचा डाग कायम. शॉपमध्ये त्याला सगळे इटलीवाला म्हणत. इंग्रजी तुटक बोलायचा. दादाला इंग्रजी बेताचं होतं, त्यामुळे दोन-तीनदा सुट्टीच्या दिवशी मला दुभाषी म्हणून नेलं होतं. इटलीवाल्याच्या सासऱ्यांचे डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे होते. दादाच्या नाकाची कीर्ती त्याने ऐकली होती. आमच्याकडेही अशी माणसं असतात, तो म्हणाला, माझा सासरा पिंपाला नाक लावून सांगतो. येताना त्याने सासऱ्यांच्या घरच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. दोन संपल्या होत्या. यंत्र सुरू झालं की तिसरी दादाबरोबर उघडायची आणि दादाने तिच्यात काय काय आहे ते वासावरून सांगायचं, असं त्याने जाहीर करून टाकलं. मॅनेजरसाहेब समोरच होते. ते म्हणाले, मीही येईन.

त्या आठवड्यात दादा फारसा बोलला नाही. शनिवारी जेवताना म्हणाला, "तू आधी वास घे."

"मग?"

"मग तो काय विचारतोय ते मला मराठीत सांगायच्या निमित्ताने सांगून टाक. तुला काय वास आला ते. मी तेच बोलेन."

"साहेबांना मराठी कळतं."

"शॉपपुरतं कळतं. तू पेपरातलं मराठी बोल."

मी बरं म्हणालो. मी आयुष्यात बातमीत न घडलेलं काही घातलं नव्हतं. हे तसं घालणं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कशाचंच फार काही वाटत नसे.

गेस्ट हाउसवर आम्ही पाच जण होतो. इटलीवाला, मॅनेजरसाहेब, दादा, मी आणि दादाचा जोडीदार. हा जोडीदार ताथवड्याचा, तिथल्या जुन्या गावकरी घरातला, दादाच्याच शिफ्टला टाक्यांवर मदतनीस. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. भजी घेऊन आला आणि बसला. दारूबंदीचा कायदा होता. इटलीवाल्याकडे परदेशी माणसाचा परवाना होता. साहेबांकडे प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचा परवाना होता. उरलेले आम्ही तिघे कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होतो.

पहिली चूक खानसाम्याने केली. विलायती बाटली म्हणजे थंडच हवी, अशा समजुतीने त्याने ती सकाळपासून बर्फाच्या बादलीत उभी करून ठेवली होती. इटलीवाल्याने ती बघितली आणि डोळे मिटून घेतले. मग स्वतःच्या बनियनने बाटली पुसली आणि व्हरांड्याच्या ऊन लागलेल्या भिंतीशी नेऊन ठेवली. दुसरी गोष्ट पेल्यांची. स्टीलचे पेले आले होते. ते त्याने परत पाठवले. काचेचे हवेत म्हणाला. गेस्ट हाउसमध्ये चिनी मातीचे चहाचे कप तेवढे होते. शेवटी साहेबांनी प्रयोगशाळा उघडायला लावून पाच बीकर आणवले. त्यांच्यावर मिलिलिटरच्या खुणा होत्या.

जोडीदार म्हणाला, "बरं झालं. कोनी किती ढोसली ते तरी कळंल."

बूच निघालं. बाटलीवरचं नाव आम्ही बारोलो असं वाचलं आणि इटलीवाल्याने मान डोलावली. ज्या द्राक्षाची ही असते त्याचं नाव धुक्यावरून पडलंय, तो म्हणाला. द्राक्षं तोडायच्या दिवसांत तिथे धुकं असतं.

ओतल्यावर मला पहिल्यांदा रंग दिसला. लाल दारू म्हणून मी जांभळ्या रंगाची अपेक्षा केली होती. ही तशी नव्हती. मधोमध डाळिंबाच्या दाण्यासारखी आणि कडेला, जिथे ती काचेला पातळ होत जाते तिथे, भाजलेल्या विटेसारखी. आरपार दिसत होती. बीकरमागचं माझं बोट दिसत होतं.

मी वास घेतला. थंडीमुळे वास जवळजवळ नव्हता. ओली दगडी फरशी, त्यापलीकडे काही नाही. मी कपट्यावर 'फरशी' असं लिहिलं. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. इटलीवाला म्हणाला, आता विचार तुझ्या भावाला.

"दादा, ते विचारताहेत की प्रथमदर्शनी गंध कोणता. मला तर धुतलेल्या फरशीखेरीज काही जाणवत नाही," मी म्हणालो.

दादाने बीकर नाकाशी धरला. सवयीने धरला तसाच, जरा तिरपा. मग घोट घेतला. थंड वाइन आंबट लागते आणि तुरट लागते. ही तर कच्च्या जांभळाइतकी तुरट होती, जीभ टाळ्याला चिकटवणारी. दादाच्या जिभेला गेले चार महिने एकच गोष्ट ठाऊक होती. आंबट म्हणजे जंतू शिरला.

"गेली," दादा म्हणाला.

 जोडीदाराने भजं हातातच धरलं. इटलीवाला माझ्याकडे बघत होता. मी दुभाषी होतो. त्या शब्दाचं इंग्रजी काय करायचं ते मला सुचेना. टाकी गेली, गाडी गेली, वीज गेली, वहिनी गेली, सगळ्याला आमच्याकडे एकच क्रियापद लागतं. शेवटी मी सांगितलं की तो म्हणतोय, ही खराब झालीय.

इटलीवाला रागावला नाही. हसला. खराब नाही, झोपलीय, तो म्हणाला. तुमच्या माणसाने तिला बर्फात निजवलं. तासभर थांबा.

साहेबांनी दादाकडे बघितलं आणि मग आपल्या बीकरकडे. त्यांनी वास घेतला.  मला वाटतं, त्या क्षणी दादाच्या नाकाबद्दल त्यांची खात्री झाली. खराब झालेलं नाही हे ओळखायला तिथे कोणाचंही नाक पुरलं असतं. वास फार नव्हता, पण होता तो स्वच्छ होता.

तासभर आम्ही थांबलो. या तासात वाइनला जे झालं ते मी पाच-पाच मिनिटांनी लिहीत गेलो, कारण दुसरं काही करायला नव्हतं. आधी फरशी गेली. मग सुकलेल्या आलुबुखाराचा वास आला, आणि त्यामागून आमसुलाचा. मग नवीन चपलेच्या कातड्याचा. तंबाखूचा, पण मळलेल्या तंबाखूचा नाही, पान नुसतं वाळत घातल्यावर येतो तसा. ज्येष्ठमध. त्यानंतर एक वास आला तो मला ओळखीचा होता आणि नाव सुचत नव्हतं. तो डांबराचा होता. मुंबई-पुणे रस्त्यावर खडी टाकून त्यावर गरम डांबर ओततात तेव्हा येतो तो, पण खूप लांबून आलेला. आणि डांबराच्या पाठोपाठ गुलाब. ताजा नाही. गुलकंदाच्या बरणीचं झाकण काढल्यावर पहिल्यांदा येतो तो. हे दोन वास एकमेकांत मिसळले नाहीत. एक घेतला की दुसरा मागे सरायचा, आणि परत यायचा.

चवही बदलली. तुरटपणा गेला नाही, पण तो आता जिभेला ओरबाडत नव्हता, चांगल्या काताचा असतो तसा हिरड्यांवर बसत होता. आंबटपणा कोकमाच्या साराइतका. गोडी जवळजवळ नव्हती. घोट गिळल्यावर चव संपत नव्हती. मी घड्याळ लावून बघितलं, मिनिटभर तरी राहत होती. शेवटी जे उरायचं ते गुलाबाचं होतं.

मी इटलीवाल्याला डांबर म्हणालो तेव्हा तो खुर्चीतून उठला. बरोबर, बरोबर, तो म्हणाला, आमच्याकडेही हेच दोन शब्द म्हणतात, डांबर आणि गुलाब.

जोडीदाराने आपला बीकर एका दमात रिकामा केला होता. तो म्हणाला, "डांबर? आरं मंग एवढ्या लांबून कशापायी आनली? आमच्या फाट्यावर पिंप हाय की पडलेलं."

"तुला कसली लागली?" मी विचारलं.

"म्हातारी औषध द्यायची द्राक्षाचं, तसली. पर ही लई इमानदार हाय. कडू ती कडूच लागती."

मी ते लिहून घेतलं.

मग इटलीवाल्याने बाटलीतली शेवटची वाइन दादाच्या बीकरमध्ये ओतली. आता जागी झाली, तो म्हणाला. आता त्याने सांगावं. आमचं इंग्रजी बोलणं दादाला कळलं नसेल, असं त्याने धरलं असावं.

मी दादाकडे वळलो आणि पेपरातल्या मराठीत बोललो. "ते म्हणतात, आता गंध पूर्ण खुलला आहे. डांबर आहे. गुलकंद आहे. कातडं, ज्येष्ठमध, वाळती तंबाखू." प्रत्येक शब्द सावकाश उच्चारला. अगदी मजकूर सांगतात तसा.

दादाने बीकर दोन्ही हातांत धरून नाकाखाली नेला. डोळे मिटले. बराच वेळ तसाच राहिला. इतका वेळ त्याने कुठल्याही टाकीला दिला नव्हता. व्हरांड्यासमोरून सायकलवरून दुसऱ्या शिफ्टची माणसं गेली, त्यांतल्या एकाने घंटी वाजवली. मी दादाचं नाक बघत होतो. नाकपुड्या हलत होत्या. त्याला फक्त डांबर आणि गुलकंद म्हणायचं होतं. दोनदाच तोंड उघडायचं होतं आणि टाक्या त्याच्याकडे राहिल्या असत्या, निदान काही महिने.

त्याने बीकर खाली ठेवला.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "मला वास येत नाही. चार महिने झाले. वाटलं होतं, एवढ्या लांबून आलीय, हिचा तरी येईल."

मी इटलीवाल्याकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतोय, डांबर. आणि गुलाब.

इटलीवाल्याने दादाचे दोन्ही खांदे धरले. आपल्या भाषेत काहीतरी बोलला. काय झालं ते दादाला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मॅनेजरसाहेब केरळकडचे. पंधरा वर्षं इथे होते. ते मला मराठीत म्हणाले, अगदी हळू, म्हणजे पाहुण्याला काही जाणवू नये, "तसं नाही बोलले ते."

मी म्हणालो, "नाही."

"मला ठाऊक होतं," ते दादाला म्हणाले. "गेल्या महिन्यात पाच नंबरचा नमुना तुम्ही चाखलात. मी जिन्यावर होतो. नाक असलेला माणूस चाखत नाही. त्यानंतर प्रत्येक टाकीचा नमुना मी दोनदा तपासायला पाठवतो."

"मग बोलला का नाही साहेब?"

"तुमच्या घरी तसं झालेलं. मी म्हटलं, येईल वास."

इटलीवाल्याने विचारलं, काय बोलताय? साहेब इंग्रजीत म्हणाले की वाइनची तारीफ चाललीय. पाहुणा आठवड्याने परत गेला. सासऱ्यांना त्याने काय सांगितलं असेल त्याचा मी अंदाज करू शकतो. ती एक खोटी बातमी आहे आणि ती माझ्या नावावर आहे. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

सोमवारी सकाळी साहेबांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं. हुद्दा तोच राहील, काम पॅकिंगला. त्यांनी एवढंच विचारलं की टाक्यांवर कोण. दादाने जोडीदाराचं नाव सांगितलं.

जोडीदार संध्याकाळी कासारवाडीला घरी आला. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"भाऊ, ह्ये काय करून ठिवलं? माझं नाक निस्तं शिंकायला हाय."

"आत ये."

"न्हाई, आधी सांगा. आमी काय हुंगनार? मला येक वास कळतो, मळीचा. बाकी समदं ढगात."

"तू वाइन इमानदार आहे म्हणालास. कसं कळलं?"

"त्ये आपलं बोलन्यात आलं."

"तेच करायचं. बोलण्यात आणायचं," दादा म्हणाला. "बस."

त्या दिवसापासून पंधरा-वीस दिवस रोज तो यायचा. दादा सतरंजीवर भिंतीला टेकून बसायचा आणि वास सांगायचा. जे त्याला आता येत नव्हते ते. मी रात्रपाळीला ऑफिसला जायच्या आधी लिहून घ्यायचो, कारण जोडीदाराला लिहिता यायचं नाही आणि दादाला लिहायचा कंटाळा; कागदाखाली नाव मात्र दादाचं घालायचो. दादाला शब्द सापडायला वेळ लागे. इतकी वर्षं त्याला दोनच शब्द पुरले होते. तो थांबायचा, डोळे मिटायचा, मग म्हणायचा, कालच्या भाकरीच्या टोपल्यासारखा. किंवा, पिकलेल्या केळ्यासारखा, पण सालीचा, गराचा नाही. जोडीदार ते पुन्हा म्हणायचा. दुसऱ्या दिवशी टाकीवर हुंगून यायचा आणि वाद घालायचा. "केळं न्हाई भाऊ, फनसाच्या पाकळ्या म्हना." दादा विचार करायचा आणि मला सांगायचा, "खोड. फणस लिही."

एका सुट्टीच्या दुपारी जोडीदाराने विचारलं, "समदं सांगितलं. पर टाकी जायला लागली तर पहिला वास कसला येतो त्ये न्हाई सांगितलं."

दादाने डोळे मिटले. मी पेन्सिल धरून बसलो होतो.

"पहिला वास येत नाही," तो म्हणाला. "आंबट बिंबट सगळं नंतर. आधी असलेला वास कमी होतो. काल होता तेवढा आज नसतो. लोक म्हणतात, काही नाही, ठीक आहे. तेव्हाच हात वर करायचा."

"म्हंजी काय न्हाई आलं तरी सांगायचं?"

"काही नाही आलं तरच लगेच सांगायचं. मी नाही सांगितलं."

 मी वाक्य लिहिलं, 'वास कमी झाल्यास ताबडतोब कळवावे', आणि दादाला वाचून दाखवलं. दादाचं शेवटचं वाक्य त्यात घेतलं नाही. दादा म्हणाला, बरोबर आहे, आता खाली माझ्याऐवजी त्याचं नाव टाक.